कॉलेज बास्केटबॉलमधील तीन गुणांची रेषा नेमके काय बदलते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलमध्ये पुरुषांची तीन गुणांची रेषा २०१९-२० च्या हंगामापासून रिंगपासून आणखी लांब नेण्यात आली, तरीही संघ पूर्वीइतकेच थ्री, म्हणजे रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट, मारताना दिसतात. मग रेषा मागे नेऊन साधले काय, आणि मुळात या रेषेचा खेळावर परिणाम होतो तो कसा? विद्यापीठ स्तरावरच्या संघांना शिकवण्याचे आणि त्यासाठी अमेरिकी कॉलेजांचे सामने थांबवून थांबवून पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्यावरून माझे उत्तर असे की, या रेषेचे खरे काम रेषेबाहेरून मारलेल्या शॉटवरून मोजता येत नाही. रेषेमुळे बचाव करणाऱ्या पाच जणांना कुठे उभे राहावे लागते, हे पाहिले तरच ते कळते, आणि कॉलेजच्या खेळात ही गोष्ट एनबीए या व्यावसायिक लीगपेक्षाही जास्त महत्त्वाची आहे.

याचे कारण नियमांतच आहे. एनबीएमध्ये बचाव करणारा खेळाडू कोणाला प्रत्यक्ष अडवत नसेल, तर त्याला पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या पट्टीत, सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजमध्ये असा नियम नाही. सात फुटी सेंटरला, म्हणजे रिंगपाशी खेळणाऱ्या उंच खेळाडूला, रिंगखाली पूर्ण वेळ ठाण मांडून बसायचे असेल, तर पंच त्याला हटकू शकत नाहीत. शिवाय कॉलेजचा पेंट १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर रुंद आहे, तर एनबीएचा १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर. अरुंद पेंटमुळे पोस्टवरचा, म्हणजे रिंगकडे पाठ करून जवळ उभा राहणारा, आक्रमक रिंगच्या अधिक जवळ जागा पकडतो, त्याच्यामागे बचावाचा सेंटर, आणि मदतीला आलेला आणखी एखादा, अशी सगळी गर्दी रिंगभोवती साचते. ही गर्दी पांगवण्याचे नियमांनी दिलेले मुख्य साधन म्हणजे तीन गुणांची रेषा. बाहेर उभा असलेला खेळाडू शॉट मारू शकतो अशी धास्ती असेल, तरच त्याचा बचावपटू त्याच्याजवळ राहतो; ती धास्ती नसेल, तर तो निवांतपणे आत सरकतो आणि ड्राइव्हची, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे घुसण्याची, वाट बंद करतो.

फिबा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांतही बचावासाठी तीन सेकंदांची मर्यादा नाही. त्यामुळे आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी संघ बांधणाऱ्यांनी एनबीएचे आक्रमण जसेच्या तसे उचलण्याऐवजी अमेरिकी कॉलेजांचा खेळ अभ्यासावा, असे मी नेहमी सुचवतो. आता तर दोन्हीकडे रेषेचे अंतरही एकच, ६.७५ मीटर, आहे.

हे अंतर एका फटक्यात ठरलेले नाही. १९८२ साली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाने व्हर्जिनियाला ४७-४५ असे हरवले. ठरावीक वेळेत शॉट मारायला लावणारे शॉट क्लॉक नसल्याने आघाडीवरचा संघ चेंडू हातात खेळवत वेळ काढत बसे, आणि हा सामना त्या दुखण्याचे उदाहरण ठरला. पुढच्या हंगामात याच कॉन्फरन्सने शॉट क्लॉक आणि अवघ्या १७ फूट ९ इंचांवरची रेषा आजमावून पाहिली. त्याआधी, १९८०-८१ मध्ये, सदर्न कॉन्फरन्सने २२ फुटांवरच्या रेषेचा प्रयोग केला होता, आणि २९ नोव्हेंबर १९८० रोजी वेस्टर्न कॅरोलिनाच्या रॉनी कारने कॉलेज बास्केटबॉलमधला पहिला थ्री नोंदवला. वेगवेगळ्या कॉन्फरन्सचे वेगवेगळे अंतर, असा हा कारभार काही वर्षे चालला. शेवटी नियम समितीतील एडवर्ड स्टाइट्झ यांच्या पुढाकाराने १९८६-८७ पासून पुरुषांच्या सर्व सामन्यांसाठी १९ फूट ९ इंच, म्हणजे ६.०२ मीटर, हे अंतर ठरले. महिलांसाठी ते पुढच्या हंगामात आले. पुरुषांची रेषा २००८-०९ मध्ये २० फूट ९ इंचांवर, म्हणजे ६.३२ मीटरवर गेली, आणि २०१९-२० मध्ये फिबाच्या ६.७५ मीटरवर. महिलांच्या रेषेने हेच दोन टप्पे २०११-१२ आणि २०२१-२२ मध्ये गाठले. मधल्या हंगामांत अनेक मैदानांवर पुरुषांची आणि महिलांची अशा दोन रेषा शेजारीशेजारी आखलेल्या असत.

सुरुवातीला बहुतेक प्रशिक्षकांना ही रेषा नकोशीच वाटली. इंडियानाचे बॉब नाइट यांचा तिला विरोध होता, आणि तरी पहिल्याच वर्षी, राष्ट्रीय स्पर्धेच्या १९८७ च्या अंतिम सामन्यात, त्यांच्याच संघाच्या स्टीव्ह अल्फर्डने सिराक्यूजविरुद्ध दहापैकी सात थ्री टाकले (म्हणजे दहा मारले, त्यांतले सात रिंगमधून गेले) आणि इंडियाना ७४-७३ असा एका गुणाने जिंकला. रिक पिटिनो यांनी त्याच हंगामात प्रॉव्हिडन्सच्या साधारण संघाला थ्रीच्या जोरावर अंतिम चारांत नेले. इतरांना गणित समजायला बरीच वर्षे लागली.

गणित तसे सोपे आहे. दर शंभर थ्रीपैकी ३४ गेले, तर १०२ गुण मिळतात. तितकेच गुण दोनच्या शॉटवर मिळवायचे असतील, तर शंभरपैकी ५१ जावे लागतात. रिंगखालचा ले-अप ५१ टक्क्यांहून अधिक वेळा जातो, म्हणून तो चांगला. पण रेषेच्या आत एक पाऊल टाकून, पंधरा-अठरा फुटांवरून मारलेला शॉट इतक्या वेळा टाकणारा खेळाडू कॉलेजमध्ये क्वचितच सापडतो. म्हणून संघांनी हळूहळू तो मधला शॉट सोडून दिला, आणि शॉट दोन जागी गोळा झाले: एक रिंगपाशी, दुसरा रेषेबाहेर. अलाबामाचे प्रशिक्षक नेट ओट्स यांनी हे तत्त्व सर्वात उघडपणे राबवले. मार्च २०२५ मध्ये ब्रिगहॅम यंगविरुद्धच्या स्पर्धा-सामन्यात अलाबामाने ५१ थ्री मारले आणि त्यांतले २५ टाकले. त्यांपैकी दहा एकट्या मार्क सीअर्सचे होते. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेतला आधीचा विक्रम २१ थ्रीचा होता, आणि तो १९९० मध्ये लॉयोला मेरीमाउंटने मिशिगनविरुद्ध केला होता, तोही ६.०२ मीटरच्या रेषेवरून. रेषा ७३ सेंटिमीटर मागे गेल्यावर विक्रम मोडावा, यातच रेषा मागे नेऊन शॉटची संख्या कमी होईल या अपेक्षेचे काय झाले ते दिसते.

मात्र मी वर म्हटले त्याप्रमाणे, संख्येवर जाऊ नये. रेषेचे काम पाहायचे असेल, तर दोन सामने शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

पहिला ३१ मार्च २०१८ चा, सॅन अँटोनिओमधला व्हिलानोव्हा-कॅन्सस उपांत्य सामना. व्हिलानोव्हाने ४० थ्री मारले, १८ टाकले आणि सामना ९५-७९ असा जिंकला. अंतिम चारांच्या फेरीत एका संघाने टाकलेल्या थ्रीचा तो विक्रम होता. पण हा सामना थांबवून पाहताना चेंडूकडे पाहू नये, कॅन्ससचा धिप्पाड सेंटर उडोका अझुबुइके कुठे उभा आहे ते पाहावे. व्हिलानोव्हाचा सेंटर ओमारी स्पेलमन हा स्वतः चांगला शूटर होता, त्यामुळे तो पोस्टवर न जाता वर, रेषेबाहेर येऊन उभा राही. अझुबुइके त्याच्यामागे गेला तर रिंग उघडी पडे, आणि नाही गेला तर स्पेलमन मोकळा सुटे. एरवी पेंटचा धनी असलेल्या खेळाडूला प्रत्येक वेळी दोन वाइटांतून एक निवडावे लागत होते. दुसरा बचावपटू त्याची उणीव भरायला सरकला की पास कॉर्नरमध्ये जाई, तिथला बचावपटू धावला की पुढचा पास विंगवर, म्हणजे कॉर्नरच्या वरच्या अंगाला, आणि तिसऱ्या पासपर्यंत कोणीतरी मोकळा सापडेच. व्हिलानोव्हाचे पाचही खेळाडू थ्री मारू शकत, म्हणून हे शक्य झाले. चारच मारू शकत असते, तर अझुबुइके पाचव्याला सोडून रिंगखाली थांबला असता आणि सगळे आक्रमण अर्धे झाले असते.

दुसरा सामना ८ एप्रिल २०२४ चा, कनेक्टिकट आणि पर्ड्यू यांच्यातील अंतिम सामना. पर्ड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी होता, आणि त्याच्याभोवती हंगामभर सुमारे ४० टक्के थ्री टाकणारे शूटर होते. त्यांची नेहमीची पद्धत अशी की, चेंडू ईडीकडे द्यायचा, त्याला आवरायला दुसरा बचावपटू आला की ईडीने बाहेर पास द्यायचा आणि मोकळ्या शूटरने थ्री मारायचा. बहुतेक संघ ईडीला दोघांनी घेरत, कारण एकट्याने तो आवरत नसे. कनेक्टिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांनी उलटा विचार केला. ईडीवर बहुतांश वेळ डॉनोव्हन क्लिंगन एकटाच ठेवला आणि बाहेरच्या चौघांना आपापल्या शूटरपासून न हलण्याची शिस्त लावली. ईडीने २५ शॉटपैकी १५ टाकले आणि ३७ गुण केले. तरी पर्ड्यू ७५-६० असा हरला, कारण संपूर्ण सामन्यात त्यांना केवळ सात थ्री मारता आले, आणि त्यांतला एकच गेला.

गुणफलकावर पर्ड्यूच्या नावापुढे थ्रीमध्ये एक दिसतो, आणि वरवर पाहणारा म्हणतो की शूटरचा हात त्या दिवशी चालला नाही. वास्तविक त्यांना हात चालवायची संधीच मिळाली नाही. बचावाच्या हातात असते ते समोरच्याला किती थ्री मारू द्यायचे हे. मारलेल्यांपैकी किती जातील यावर त्याचे नियंत्रण फार थोडे असते. आकडेवारीचे अभ्यासक केन पॉमरॉय यांनीही हाच मुद्दा अनेकदा मांडला आहे, आणि माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. खेळाडूंना मी ‘हात वर करा’ असे कमी सांगतो आणि ‘त्याला मारायची इच्छाच होऊ देऊ नका’ असे जास्त सांगतो.

आता कॉर्नरकडे येतो. कॉलेजचे मैदान ५० फूट रुंद असते, म्हणजे रिंगच्या मध्यापासून बाजूची रेषा २५ फुटांवर. रेषा १९ फूट ९ इंचांवर असताना कॉर्नरमध्ये शूटरला उभे राहायला सव्वा पाच फुटांची पट्टी मिळत असे. २० फूट ९ इंचांच्या रेषेने ती सव्वा चार फुटांवर आली. २०१९ नंतर कॉर्नरमधले अंतर २१ फूट ७ इंचांहून थोडे जास्त, म्हणजे ६.६० मीटर झाले, आणि पट्टी सुमारे तीन फूट चार इंच, साधारण १०२ सेंटिमीटर उरली. कॉलेज खेळाडूचा बूट तीस-पस्तीस सेंटिमीटरचा असतो. पास जरा मागे आला आणि शूटरने तो घेताना एक पाऊल मागे टाकले, की टाच बाजूच्या रेषेला टेकते आणि चेंडू समोरच्या संघाकडे जातो. उलट पुढे पाऊल टाकले आणि बुटाचे टोक तीनच्या रेषेला लागले, तर शॉट दोनचा धरला जातो. म्हणून कॉर्नरला जाणाऱ्या पासची अचूकता हा नव्या अंतरानंतर स्वतंत्र सरावाचा विषय झाला. कॉर्नरमधल्या खेळाडूने पाय आधी रोवून ठेवावेत, पास त्याच्या छातीच्या उंचीवर, शॉट मारणाऱ्या हाताच्या बाजूला यावा, आणि पास देणाऱ्याने तो उडी मारून देऊ नये, एवढ्या तीन गोष्टींवर मी सर्वाधिक वेळ घालवतो.

झोन बचावावर, म्हणजे खेळाडूऐवजी जागा राखण्याच्या पद्धतीवर, रेषेचा परिणाम सर्वात उघड दिसतो. सिराक्यूजचे प्रशिक्षक जिम बोहाइम मुख्यतः २-३ झोनवर (दोघे पुढे, तिघे मागे) विसंबून राहिले आणि २००३ मध्ये त्याच बळावर विजेते ठरले. त्या अंतिम सामन्याचा शेवट पाहण्यासारखा आहे. कॅन्सस तीन गुणांनी मागे होते, दीडेक सेकंद उरला होता, आणि मायकेल ली कॉर्नरमध्ये मोकळा सुटला होता. सिराक्यूजचा लांब हातांचा हकीम वॉरिक आतून धावत आला आणि त्याने तो शॉट हवेतच अडवला. सिराक्यूज ८१-७८ असे जिंकले. तेव्हा कॉर्नरमधली रेषा ६.०२ मीटरवर होती. आज ती ५८ सेंटिमीटर आणखी मागे आहे, म्हणजे आतून येणाऱ्या बचावपटूला जवळजवळ एक पाऊल अधिक धावावे लागते. ते जास्तीचे पाऊल टाकून वॉरिक वेळेत पोहोचला असता की नाही, यावर मी सहकाऱ्यांशी अनेकदा वाद घातला आहे; माझ्या मते शॉट सुटून गेला असता. झोनमधल्या पाच जणांना तेच क्षेत्र नाही, तर अधिक मोठे क्षेत्र राखायचे असते, आणि रेषा मागे गेली की त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात. दुसरीकडे, लांबून शॉट टाकू न शकणाऱ्या संघाविरुद्ध झोन पूर्वीपेक्षा अधिक प्रभावी होतो, कारण त्यांना बाहेर सोडून देणे आता स्वस्तात पडते.

हेच दुधारी गणित २०१९ च्या बदलाचे उत्तर देते. रेषा मागे गेल्यावर पहिल्या हंगामात पुरुषांच्या पहिल्या श्रेणीत थ्रीचे सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर आले. एकूण शॉटमधला थ्रीचा वाटाही किंचित घटला, आणि पुढच्या काही हंगामांत पुन्हा वर आला. एक टक्क्याची घट म्हणजे शंभर थ्रीमागे तीन गुण. एवढ्यासाठी कोणताही शहाणा प्रशिक्षक मधल्या शॉटकडे परत जाणार नव्हता, कारण तो शॉट अजूनही कमीच गुण देतो. बदलले ते शॉट मारणाऱ्यांचे चेहरे. ६.३२ मीटरवरून कामापुरते थ्री टाकणारे जे फॉरवर्ड, म्हणजे आतबाहेर खेळणारे उंच खेळाडू, होते, त्यांतल्या काहींना ६.७५ मीटर झेपले नाही, आणि बचावाने त्यांना मोकळे सोडायला सुरुवात केली. ज्यांचा पल्ला आधीच लांब होता, त्यांना मात्र ४३ सेंटिमीटरने फरक पडला नाही. उलट त्यांच्यामागे बचावपटू लांब आल्याने त्यांच्या साथीदारांना आत घुसायला रुंद रस्ता मिळाला. आक्रमणाला जागा मिळावी हाच अंतर वाढवण्यामागचा एक उद्देश होता, आणि तेवढा तो साध्य झाला आहे.

जागा मिळाली की नाही हे कसे ओळखायचे, असे तरुण प्रशिक्षक विचारतात. चित्रफीत पाहताना ड्राइव्ह करणाऱ्याचा पहिला पाय आपल्या बचावपटूच्या पुढे पडतो त्या क्षणी चित्र थांबवावे. मग चेंडूपासून एक पास दूर असलेल्या शूटरचा बचावपटू कुठे आहे ते पाहावे. त्याचा एक पाय पेंटमध्ये असेल, तर पास बाहेर जायला हवा. तो शूटरपासून हात लांब करून स्पर्श करण्याइतका जवळ असेल, तर ड्राइव्ह रिंगपर्यंत जायला हवी. तो अधेमध्ये, एक खोटा झटका देऊन परत फिरण्याच्या तयारीत असेल, तर समोर अनुभवी बचाव आहे असे समजावे. तिथे ड्राइव्ह करणाऱ्याने दोन पायांवर थांबून वाट पाहायला शिकावे लागते. कॉलेजमधले चांगले गार्ड (बाहेरून चेंडू खेळवणारे खेळाडू) आणि वरवर चांगले वाटणारे गार्ड यांच्यातला फरक या थांबण्यात आहे. आपल्याकडचे बहुतेक गार्ड वेगात आत जातात, पण थांबत नाहीत, आणि मग हवेत असताना पास शोधतात.

रेषेचा आणखी एक परिणाम चढउताराचा आहे, आणि बाद पद्धतीच्या स्पर्धेत तो फार मोठा ठरतो. समजा, एक संघ सामन्यात २५ थ्री मारतो आणि दर शॉट जाण्याची शक्यता ३४ टक्के आहे. पाचपैकी साधारण चार सामन्यांत त्याचे सहा ते अकरा थ्री जातील, म्हणजे १८ ते ३३ गुण. दुसरा संघ ५१ टक्के शक्यतेचे २५ शॉट दोनचे मारतो. त्याचे पाचपैकी साधारण चार सामन्यांत दहा ते पंधरा जातील, म्हणजे २० ते ३० गुण. सरासरी सारखीच, पण पहिल्याचा झोका पंधरा गुणांचा आणि दुसऱ्याचा दहाचा. सात सामन्यांची मालिका असेल, तर हा झोका विरून जातो. मार्चमधल्या एनसीएए स्पर्धेत एकच सामना असतो, आणि दुबळ्या संघाला मोठा झोकाच हवा असतो.

१६ मार्च २०१८ रोजी हेच घडले. मेरीलँड-बाल्टिमोर काउंटी या सोळाव्या मानांकित संघाने अव्वल मानांकित व्हर्जिनियाला ७४-५४ असे हरवले. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. मध्यंतराला गुण २१-२१ होते. व्हर्जिनियाचा तेव्हाचा बचाव असा की, चेंडूवरचा एक सोडून बाकी चौघे रिंगपासून साधारण सोळा फुटांच्या एका काल्पनिक रेषेच्या आत दाटीने उभे राहत. ड्राइव्हला वाट नाही, पोस्टला पास नाही, पण बाहेरचा शॉट काही प्रमाणात सोडलेला. विजेत्यांनी २४ पैकी १२ थ्री टाकले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. या एका सामन्यावरून तो बचावच मोडीत निघाला असे लिहिणारे बरेच होते. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने तोच बचाव खेळून विजेतेपद मिळवले. मोठ्या संघाने एका झोक्यामुळे पद्धत बदलू नये, हे व्हर्जिनियाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी कृतीने दाखवले, आणि माझ्या मते त्या दोन हंगामांतला हा सर्वात धाडसी निर्णय होता.

शेवटच्या अर्ध्या मिनिटात रेषा एक वेगळाच पेच उभा करते. तीन गुणांची आघाडी, दहा-बारा सेकंद शिल्लक, चेंडू समोरच्याकडे: मुद्दाम फाउल करून त्याला दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट) द्यायचे, की बचाव करून थ्रीचा धोका पत्करायचा? २००८ च्या अंतिम सामन्यात मेम्फिसचा डेरिक रोझ दोनपैकी एक फ्री थ्रो चुकला आणि आघाडी तीनचीच राहिली. मेम्फिसला फाउल करायचा होता. शिट्टी वाजली नाही. कॅन्ससच्या शेरॉन कॉलिन्सने चेंडू मारिओ चाल्मर्सच्या हातात दिला आणि २.१ सेकंद उरले असताना चाल्मर्सने बरोबरी साधली. जादा वेळेत कॅन्सस ७५-६८ असे जिंकले. पुरुषांचा ६.०२ मीटरच्या रेषेवरचा हा शेवटचा अंतिम सामना होता. योगायोग असा की, ६.३२ मीटरच्या रेषेवरचा शेवटचा अंतिम सामना, २०१९ चा, हाही तसाच फिरला: टेक्सस टेक ६८-६५ असे पुढे असताना व्हर्जिनियाचा टाय जेरोम आत घुसला, बचाव त्याच्याभोवती आकसला, आणि त्याने बाहेर दिलेल्या पासवर डिआंद्रे हंटरने बरोबरीचा थ्री टाकला. तीनची आघाडी असताना रिंगपाशी दोन गुण जाऊ द्यायला काहीच हरकत नसते. तरीही वर्षभर अंगवळणी पडलेली मदत पाय आत ओढते. दहा सेकंदांच्या आत वेळ आली की मी फाउलच्या बाजूने असतो, मात्र चेंडू जमिनीवर आपटला जात असताना, शूटर वळण्यापूर्वी. शॉट मारताना फाउल झाला तर तीन फ्री थ्रो पदरात पडतात, आणि मग बरोबरी बसल्या जागी देऊन टाकल्यासारखे होते.

रिबाउंडबद्दल, म्हणजे चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडण्याबद्दल, फार लिहिण्यासारखे नाही: लांबून मारलेला चेंडू लांब उसळतो, म्हणून गार्डनी पुढे धावत सुटण्याआधी फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत परत यावे, एवढे पुरे.

महिलांच्या खेळात रेषेचा परिणाम एका खेळाडूने रेषेच्याही पलीकडे नेला. आयोवाच्या केटलिन क्लार्कने २०२३-२४ च्या हंगामात २०१ थ्री टाकले, आणि तेही ६.७५ मीटरच्या नव्या रेषेवर. तिला मध्यरेषा ओलांडताच अडवावे लागे, आणि एक बचावपटू इतक्या लांब गुंतला की उरलेल्या मैदानावर चार विरुद्ध चार असा खेळ होई. नऊ-दहा मीटरवरचा शॉट तिने किती वेळा टाकला, हे मोजत बसण्यापेक्षा त्या शॉटच्या भीतीने तिच्या साथीदारांना किती सोपे ले-अप मिळाले, हे मोजावे.

पुढचा प्रश्न बहुधा असा येईल की, कॉलेजनेही एनबीएचे २३ फूट ९ इंचांचे अंतर घ्यावे का. माझे मत नकारार्थी आहे. २०१८ च्या एनआयटी या, एनसीएए स्पर्धेत न आलेल्या संघांच्या, स्पर्धेत फिबाची रेषा आणि १६ फुटांचा पेंट हे बदलही एकत्र आजमावले गेले होते. रेषा पुढच्याच वर्षी स्वीकारली गेली. पेंट मात्र आजही १२ फुटांचाच आहे. बाहेरचे चार खेळाडू लांब गेले, पण आतला सेंटर आणि त्याच्यामागचा बचावपटू पूर्वीच्याच अरुंद पट्टीत राहिले, आणि त्या पट्टीत बचावाला थांबायला वेळेची मर्यादा नाही. रेषा आणखी मागे ढकलण्याआधी पेंट रुंद करावा, म्हणजे पोस्टवरच्या खेळाडूला रिंगपासून एक पाऊल दूर चेंडू घ्यावा लागेल, त्याला रोखायला बचावपटूलाही बाहेर यावे लागेल, आणि ज्या गर्दीसाठी रेषा मागे नेली जाते ती गर्दी शूटरवर आणखी भार न टाकता कमी होईल.